चवथीला गेलेला मुलगा परत यावा म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. म्हापशाजवळ तुमचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. काम शिकून तीन मुलं सोडून गेली. त्यातला एक चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, म्हणून दोडामार्गला गेला तो आलाच नाही. आता नवीन मुलांची आयटीआयची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची आणि पहिल्या महिन्याचा पगार अडकवायचा असं तुम्ही ठरवता आहात. शिवाय, फार शिकवलं तर मुलगा लवकर जातो का, हेही तुम्हाला विचारायचं आहे. मी फोंडा भागात याच धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सर्टिफिकेट आणि पगाराचं. दोन्ही करू नका. सर्टिफिकेट त्या मुलाचं आहे. सरकारी भरतीची जाहिरात आली की त्याला ते लागणार, आणि गोव्यात कोणता मुलगा अर्ज भरत नाही? पगाराचं तर कायद्यातच आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि ती पाच माणसांच्या दुकानालाही लागू होते. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तर त्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगेन. पहिल्याच दिवशी कागद काढून घेणाऱ्या मालकाकडे चांगला मुलगा थांबत नाही. ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाही तोच थांबतो.

आता चवथीचं. मुलगा चवथीला गेला आणि आला नाही, हे तुम्हाला दिसलं. माझ्या मते त्याने जायचं जूनमध्येच ठरवलेलं असतं. आपल्या धंद्याचं वर्ष आठवा. मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑक्टोबरच्या आधी हॉटेलवाल्यांची सीझनची सर्व्हिसिंग येते. मधले पावसाचे महिने रिकामे जातात. बहुतेक दुकानदार या काळात मुलांना ‘काम असेल तेव्हा फोन करतो’ सांगतात, किंवा हजेरीप्रमाणे पैसे देतात. ज्या महिन्यांत शाळेची फी, रेनकोट, घराची डागडुजी असा खर्च घरात येतो, त्याच महिन्यांत त्याच्या हातात निम्मा पगार पडतो. मग तो श्रावणात दुसरीकडे बोलून ठेवतो आणि चवथ हे निघायचं निमित्त होतं. तुमच्याकडचा मुलगा नेमका असाच गेला की नाही हे मला ठाऊक नाही, पण पावसात त्याला किती पगार दिला होता ते वही काढून बघा.

म्हणून पगार बारा महिन्यांचा धरा आणि तो सीझनच्या दरात बसवा. दवाखाने, पतसंस्था, छोटी हॉटेलं, लग्नाचे हॉल यांच्याशी वर्षाचा देखभाल करार करा आणि त्यातला एक हप्ता जूनमध्ये येईल असा ठेवा. किनाऱ्याकडच्या आउटडोअर युनिटांची कॉइल खाऱ्या हवेने सडते हे त्या गिऱ्हाइकांनाही माहीत असतं. वर्षातून चार वेळा धुवायचा करार त्यांना पटवता येतो. चवथीआधी मोठी उचल मात्र देऊ नका. देणं अंगावर असलेला मुलगा दुकानात यायचं टाळतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्याऐवजी बोनस द्या. कायद्याने बोनस २० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागतो आणि तो किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण एक पगार. तुमच्यावर सक्ती नाही. पण निदान अर्धा पगार तरी चवथीआधी त्याच्या हातात पडू दे, कोणतीही अट न घालता.

सुट्ट्यांची वाटणी जानेवारीतच करून भिंतीवर लावा. आपल्याकडे याची सोय समाजातच आहे. चवथीचे दिवस ख्रिश्चन मुलगा सांभाळतो, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव) आणि नाताळ हिंदू मुलं सांभाळतात. तेव्हा कामावर घेताना सगळे एकाच गावचे, एकाच वाड्यावरचे घेऊ नका. सिंधुदुर्गातल्या मुलाला गावच्या जत्रेची सुट्टी लागते, ती तारीख आधी विचारून घ्या. एखादा मुलगा शिरगावच्या श्रीलईराईचा धोंड, म्हणजे देवीचं व्रत धरणारा भक्त, असेल तर त्याचं व्रत आणि जत्रा वैशाखात, म्हणजे आपल्या ऐन गर्दीत येते. ती सुट्टी नाकारून उपयोग नाही, तो जाणारच. आधीपासून ठाऊक असेल तर त्या आठवड्यात इन्स्टॉलेशनची कामं कमी घेता येतात.

माणसं कुठून आणायची? फर्मागुडी, डिचोली, पणजी इथल्या आयटीआयमध्ये स्वतः जाऊन शिक्षकांना भेटा. कोणता मुलगा हाताने चांगला आहे आणि कोण फक्त पास झाला आहे, हे मार्कांवरून कळत नाही, शिक्षकाला कळतं. शिकाऊ उमेदवार घ्यायचाही विचार करा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर ते सक्तीचं आहे, ४ ते २९ माणसांच्या आस्थापनाला ऐच्छिक आहे. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, सरकार देतं. मुलगा रोज पेडण्याहून किंवा बांद्याहून दुचाकीने येणार असेल तर पेट्रोलचं आधीच बोला. पगार ठीक वाटून आलेला मुलगा पहिल्या महिन्याचा पेट्रोलचा हिशोब बघून जातो.

मुलाखतीत फार वेळ घालवू नका. दोन दिवसांचे पैसे देऊन त्याला कामावर न्या. गिऱ्हाइकाच्या घरात शिरताना चपला काढतो का, काम झाल्यावर सांडलेलं पाणी पुसतो का, माहीत नसलेलं विचारतो का, एवढं पाहा. बाकीचं शिकवता येतं.

शिकवायचं किती, या प्रश्नाचं माझं उत्तर आहे: सगळं, आणि लवकर. मुलगा शिकल्यामुळे जात नाही. सहा महिने शिडी उचलायला आणि पाइप धरायला लावलं की जातो. पहिल्या दिवसापासून क्रम ठरवा. आधी वीज: एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री, कपॅसिटर डिस्चार्ज करणं. मग इनडोअर कॉइल धुणं, ड्रेन पाइपचा उतार. मग फ्लेअर (पाइपचं तोंड पसरवून जोडणं), व्हॅक्यूम (पाइपातली हवा खेचून काढणं), शेवटी गॅस भरणं, तोही वजनकाट्यावर तोलून. एसीतला आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, त्यामुळे गॅसची लाइन रिकामी केल्याशिवाय पाइप जोडायची टॉर्च पेटवायची नाही, हे घोकून घ्या. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर अँपिअर, सक्शन प्रेशर आणि ग्रिलचं तापमान त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं. एक टप्पा पक्का झाला की पगार वाढणार, किती वाढणार, हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. शिकवायला वेळ नाही असं म्हणू नका, जुलै-ऑगस्ट त्यासाठीच आहेत. जुने भंगारातले एसी दुकानात आणून ठेवा आणि मुलांकडून खोलून-जोडून घ्या. पूर्ण पगार देताना हे काम हक्काने सांगता येतं.

गॅस भरण्यावर कमिशन कधीही ठेवू नका. ठेवलंत की लीक न शोधता गॅस भरला जाईल, दोन महिन्यांत तोच एसी पुन्हा बंद पडेल आणि नाव तुमचं जाईल. काही द्यायचंच असेल तर महिनाभरात परत तक्रार न आलेल्या कामांवर द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर आउटडोअर युनिट बसवताना तुमच्या मुलाच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस असतो का? नसेल तर पगार, बोनस सगळं नंतर, आधी तो घ्या, आणि गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून त्याच्याशिवाय मुलाला बाहेर उभं करू नका. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, १० माणसांपासून लागू होतो, तुम्ही त्यात येत नाही, त्यामुळे अपघात झाला तर सगळा भार तुमच्यावर आणि त्या घरावर येईल. कामगार भरपाईचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या थोड्या माणसांसाठीही देतात. शिवाय प्रत्येकाच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा चालू करून द्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं.

इतकं करूनही काही मुलं जातील. कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणी मोठ्या हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये. त्यांचा हिशोब वेळेत चुकता करा, अनुभवाचं पत्र द्या. हॉटेलात गेलेला मुलगा उद्या तिथे बाहेरचं काम कोणाला द्यायचं हे सुचवणारा माणूस होतो, आणि माझी काही चांगली गिऱ्हाइकं अशीच आली आहेत. दोडामार्गच्या त्या मुलाचा काही पगार तुमच्याकडे राहिला असेल तर तोही या आठवड्यात त्याच्या खात्यावर भरा आणि एक फोन करा. ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगला त्याला बोलावता येईल का तेही विचारा, तो येण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.