मुलगी नववीत, मुलगा अकरावीत. गरोदरपण आणि बाळाच्या वाढीबद्दल त्यांना काय आणि कसं सांगू?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही ठाण्याच्या नौपाड्यात राहता. पंधरा वर्षांची मुलगी आई झाल्याची बातमी ऐकून तुमच्या मुलीने विचारलं, ‘‘पंधरा वर्षांच्या मुलीला बाळ कसं होऊ शकतं?’’ आणि तुम्ही विषय बदललात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण तो विषय आजच परत काढा. ‘‘त्या दिवशी मला पटकन सुचलं नाही’’ एवढं म्हटलं तरी पुरे. समोर बसवून बोलू नका, तलावपाळीला एक फेरी मारा. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे मुलं मोकळी होतात.

मी ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहात 27 वर्षं सिस्टर होते. आता वागळे इस्टेट आणि कळव्याच्या वस्त्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलामुलींशी याच विषयावर बोलते. मी नेहमी तारखेपासून सुरुवात करते.

आपण म्हणतो ना, ‘तिला दिवस गेलेत’? ते दिवस मुलांना खरोखर मोजायला लावा. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तिथून 280 दिवस. आम्ही वॉर्डात नऊ महिने आणि सात दिवस पुढे जायचो. 1 जूनला पाळी आली असेल तर अंदाजे तारीख 8 मार्च. भिंतीवरचं कॅलेंडर काढून दोघांना करू द्या, त्यांना हे गणित आवडतं. मग त्यातली खरी गोष्ट सांगा. गर्भ राहतो तो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण हिशेब पाळीपासून. म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. या वयात पाळी मागेपुढे होते, त्यामुळे ‘येईल पुढच्या आठवड्यात’ म्हणता म्हणता आणखी एक महिना निघून जातो.

त्या महिन्यात आत काय होतं हे दाखवायला मी डबीत मसूर, राजमा आणि एक लिंबू घेऊन जाते. सहाव्या आठवड्यात गर्भ मसुराच्या दाण्याएवढा असतो. सोनोग्राफीत हृदयाची फडफड साधारण याच सुमाराला दिसू लागते, आणि ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती याच दिवसांत मिटते. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहण्याआधीपासून घ्यायचं असतं. हा मसूर हातात घेतला की वर्गात एकदम शांतता होते. आठव्या आठवड्यात राजम्याचा दाणा, बाराव्यात लिंबू. तोपर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते, पुढे वाढ. पहिलटकरणीला बाळाची हालचाल विसाव्या आठवड्याच्या आसपास कळते. 28 आठवड्यांना वजन साधारण एक किलो.

‘बाळ पोटात असतं’ हे वाक्य मात्र सुधारून सांगा. आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, आईने जेवलेला भात बाळाच्या अंगावर पडतो का. गर्भाशय, वार, नाळ, हे शब्द घरात उच्चारले गेले पाहिजेत. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे तर तुमच्या मुलाला नक्की कळू द्या. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक रस्त्याने जाताना दिसला की तिथेच बोला.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त कळकळ आहे ते. आमच्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी पोट दुखतंय म्हणून आली. सातवा महिना होता. घरी ती गॅस झालाय म्हणून सांगत होती. मी विचारलं, आईला का नाही बोललीस? म्हणाली, ‘‘तिच्याशी या विषयावर कधी बोललेच नाही, एकदम हेच कसं सांगू?’’ आई बाहेर बाकावर बसून हेच म्हणत होती, एकदा सांगायचं तरी. मी दोघींच्या मध्ये उभी होते आणि कुणालाच दोष देता येत नव्हता.

म्हणून मुलीला आणि मुलालाही तुमच्या तोंडून हे शब्दशः ऐकू द्या: ‘‘काहीही झालं, कुणी बळजबरी केली किंवा तुझी चूक झाली, तरी पहिल्यांदा मला सांग. मी रागावेन, रडेनही, पण तुला डॉक्टरकडे मीच नेईन.’’ लवकर सांगितलं तर वाटा खुल्या असतात. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होऊ शकतो. 2021 पासून अल्पवयीन मुलींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत. त्यांच्यासाठी पालकाची लेखी संमती लागते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत हे स्पष्ट सांगा. अति रक्तस्राव होऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

अठरा वर्षांखालची संमती पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा मानत नाही आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनेही मुली लपवतात. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने त्या कळवण्यात उघड करण्याची गरज नाही. तुमच्या मुलाला पॉक्सोचं हे कलम माहीत असायलाच हवं. ‘तिची पण इच्छा होती’ हे तिथे चालत नाही.

विशीच्या आत बाळंतपण जड का जातं, तेही सांगा. स्वतःची वाढ पूर्ण व्हायची असते, अंगात रक्त कमी असतं, रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याचाही.

आईबाप होणं म्हणजे काय हे मात्र बोलून कळत नाही. आपल्या मुलांना बारसं माहीत असतं, त्या आधीच्या बारा रात्री माहीत नसतात. नात्यात कुणी माहेरी बाळंतपणाला आलेली असेल तर तिला विचारून दोघांना एक रात्र तिथे राहू द्या. दर दोन-तीन तासांनी बाळ उठेल, प्रत्येक वेळी मुलाला पण उठवा, दुपटी बदलू द्या, ढेकर काढू द्या. सकाळी त्याला तसाच कॉलेजला पाठवा. मी हे माझ्या पुतण्याच्या बाबतीत केलं. संध्याकाळी घरी येऊन त्याने स्वतःहून विचारलं, ‘‘काकू, अशी रात्र दहावीच्या वर्षात आली असती तर?’’ पुढचे दोन तास आम्ही बोलत होतो.

तुमच्याशी बोलायला मुलगी अडखळली तर सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिकं तिच्याच वयाच्या मुलामुलींसाठी आहेत. आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर तिच्या फोनमध्ये आजच टाकून द्या.