मिनिपिगचे दात आणि तुमच्या मुलाची दाढ

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये दिसलं, की खालच्या एका दुधाच्या दाढेखाली कायमचा दात तयारच झालेला नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ती दाढ जपा. नंतर बातमी वाचली, की छोट्या जातीच्या डुकरांच्या जबड्यात दात वाढवून बघतात. उंदीर असताना डुक्कर कशाला? आणि त्या उपचाराची वाट बघावी का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वाट बघू नका, डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा. का, ते शेवटी सांगते. पहिला प्रश्न माझ्या आवडीचा आहे. दंतवैद्यक शिकवण्याआधी मी मिनिपिगच्या, म्हणजे याच छोट्या जातीच्या डुकरांच्या, जबड्याचे काप मायक्रोस्कोपखाली बघण्याचंच काम करायचे.

उंदराची अडचण अशी, की त्याचे दात पडून पुन्हा येतच नाहीत. सगळे मिळून सोळा दात. सुळे नाहीत, उपदाढा (सुळे आणि दाढांच्या मधले दात) नाहीत आणि पुढचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. दात मुळात घडतो कसा, हे उंदराने आपल्याला भरपूर शिकवलं. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत अडलंय ते दुसऱ्या फेरीत, आणि उंदराला दुसरी फेरीच नाही.

डुकराला ती आहे. दुधाचे दात २८, कायमचे ४४. आपले २० आणि ३२. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा असे चारही प्रकार त्याच्याकडे आहेत. आपल्यासारखंच सर्वभक्षी असल्याने दाढांचे उंचवटेही बोथट. गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा, त्यामुळे गर्भातली दातांची वाढ टप्प्याटप्प्याने बघता येते. साधं डुक्कर दोन-अडीचशे किलोपर्यंत जातं, प्रयोगशाळेत ते आवरणार कोण? म्हणून बुटक्या जाती. त्यातली गटिंगेन ही प्रसिद्ध जात जर्मनीत १९६०च्या दशकात संकरातून तयार केली गेली. मात्र सगळंच जुळतं असं नाही. नराचा सुळा वाढतच राहतो, तेव्हा त्यावरून माणसाच्या सुळ्याबद्दल बोलायला जाऊ नये.

आता कापात काय दिसतं ते सांगते. गर्भातल्या पिल्लाच्या जबड्याचा पातळ काप रंगवला, की पेशींची केंद्रकं जांभळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं. मध्ये दुधाच्या दाताचा अंकुर असतो, घंटेच्या आकाराला आलेला. त्याच्या जिभेकडच्या बाजूला पेशींचा एक बारीक पदर खाली उतरलेला असतो. नवख्या विद्यार्थ्याला तो दाखवून द्यावा लागतो, इतका किरकोळ. कायमचा दात त्याच पदरातून येतो. म्हणजे दुधाचा दात पडल्यावर खाली नवा तयार होतो, ही समजूत चुकीची. तयारी कितीतरी आधी सुरू झालेली असते.

पण हा पदर बराच काळ गप्प बसून राहतो. का? चीनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये मिनिपिगवरच दाखवलं, की जबड्याच्या आत वाढणाऱ्या दुधाच्या दाताचा दाब या पदराला थोपवून धरतो. दुधाचा दात हिरडीबाहेर आला, दाब उतरला, की पुढची वाढ सुरू होते. पिल्लू जन्मतःच सुईसारखे आठ दात घेऊन येतं, सुळे त्यांतच. त्यामुळे हे सगळं फार वाट न बघता तपासता येतं. मला हा शोध बातमीतल्या दातापेक्षा मोठा वाटतो.

तर ती बातमी. २००६ मध्ये स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडू शकतात अशा पेशी, दाताच्या मुळाच्या आकाराच्या ठोकळ्यावर लावून मिनिपिगच्या जबड्यात बसवल्या, त्यातून मुळासारखी रचना झाली आणि तिच्यावर पोर्सेलीनची कॅप बसवली. ते मूळ नैसर्गिक मुळापेक्षा कमी मजबूत होतं. अलीकडे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात माणसाच्या आणि डुकराच्या दंतपेशी एकत्र करून मिनिपिगच्या जबड्यात दातासारखी रचना वाढवली. ‘दातासारखी’ हा शब्द बातम्यांमध्ये कुठेतरी गळतो. तिला हवा तो आकार देणं, ती ठरल्या जागी उगवणं, वर्षानुवर्षं चावण्याचा भार सोसणं, हे सगळं अजून व्हायचंय.

तुमच्या मुलाची दाढ मात्र आज तोंडात आहे. खालून ढकलणारा दात नसला, की दुधाच्या दाढेची मुळं सहसा सावकाश झिजतात आणि ती मोठेपणीही टिकलेली मी पाहिली आहे. ती किडू देऊ नका. डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून मुळं बघत राहा. शेजारच्या दातांच्या तुलनेत ती खाली राहिलेली दिसली, तर मात्र पुढच्या तपासणीपर्यंत न थांबता दाखवा, कारण अशी दाढ बहुधा हाडाला चिकटलेली असते आणि शेजारचे दात तिच्यावर कलू लागतात. जबड्यात दातांची दाटी असेल तर ही दाढ काढून जागा बुजवणं कधी कधी जास्त सोयीचं ठरतं; ते दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.