सईस, लॅड की स्ट्रॅपर?

प्रश्न : मुलगा बारावी झाला आहे, घोड्यांचं वेड आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर एका ट्रेनरकडे ‘सईस’ची जागा आहे. परदेशातल्या जाहिरातींत मात्र ‘लॅड’, ‘स्ट्रॅपर’, ‘ग्रूम’ अशी नावं दिसतात. काम एकच का? आणि पुढे काही आहे का? – एक पालक, हडपसर

उत्तर : मुळातलं काम एकच, म्हणजे ठरावीक घोड्यांची पूर्ण देखभाल. फरक पडतो तो घोड्यावर बसायचं की नाही यात. आपल्याकडे सईस सांभाळतो आणि सकाळचा सराव रायडिंग बॉय किंवा जॉकी देतो. ऑस्ट्रेलियातला स्ट्रॅपरही बहुधा जमिनीवरूनच काम करतो. फार लॅप या घोड्याचा स्ट्रॅपर टॉमी वुडकॉक तर तिथे घोड्याइतकाच प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ग्रूम वेगळा, सरावानंतर घोडा चालवून थंड करणारा हॉटवॉकर वेगळा. ब्रिटन-आयर्लंडमधल्या ‘लॅड’कडून मात्र बऱ्याचदा स्वारीचीही अपेक्षा असते, मग ती मुलगी का असेना. मुलाला नुसता खरारा येत असेल तर ती जाहिरात त्याच्यासाठी नाही.

कामाचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. आधी गव्हाण बघायची : रात्रीचा दाणा उरला असेल तर काहीतरी बिघडलंय. मग चारही पायांवरून हात फिरवायचा. कालच्यापेक्षा एखादा पाय गरम किंवा सुजलेला लागला तर घोडा ट्रॅकवर न्यायच्या आधी सांगायचं. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४. खूर टाचेकडून पुढे खरवडायचे. ठाण ओलं राहिलं की खुराच्या खोबणीत सड धरते, वासावरूनच कळते. बँडेज एका जागी ताणून बसलं तर पायामागच्या टेंडनला (कंडरेला) इजा होते, आणि ती भरायला कित्येक महिने जातात. नव्या मुलांकडून सर्वांत जास्त चूक इथेच होते.

घोड्याच्या पोटदुखीबद्दल मुलाला पहिल्याच दिवशी शिकू द्या. घोड्याला उलटी करता येत नाही. तो पुढच्या पायाने जमीन खरडतो, कुशीकडे वळून बघतो, लोळायला बघतो. तेव्हा दाणा काढून घ्यायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. घरगुती काढे पाजत बसायचं नाही.

पुढची पायरी जमादाराची : अनेक सईसांवर देखरेख आणि दाण्याचा हिशेब. ब्रिटनमध्ये त्याच्या जवळपासचं पद ‘हेड लॅड’. नालबंदाचं काम शिकला तर स्वतंत्र धंदा होतो, कारण नाल चार-पाच आठवड्यांनी बदलावेच लागतात. जॉकी होण्याचं स्वप्न असेल तर वजनाचं गणित आताच बघा. सईसाला ती अट नसते.

माझं मत : आधी इथेच एक पूर्ण हंगाम करू द्या. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यात, मुंबईच्या हिवाळ्यात, म्हणजे घोड्यांमागे बिऱ्हाड हलवावं लागतं. नोकरी ट्रेनर देतो, म्हणून त्यालाच विचारा : किती घोडे अंगावर, साप्ताहिक सुटी कोणती, राहायची सोय काय, लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, भविष्यनिर्वाह निधी कापतात का. परदेशाचा विचार नंतर, आणि एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.