वाचकांचे प्रश्न: घरची एस्प्रेसो, बोअरचं पाणी आणि हेझलनटची बाटली

गेल्या अंकात मोका पॉटवर (गॅसवर ठेवून कॉफी काढायचं भांडं) दोन ओळी काय लिहिल्या, कॉफीच्या प्रश्नांचा ढीगच लागला की. म्हणून या वेळी लोणची, मसाले, चटण्या सगळं बाजूला, फक्त कॉफी. चहावाल्यांनी रागवायचं नाही, पुढचा अंक तुमचा.

ताई, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दिवाळीला एस्प्रेसो मशीन आणतो म्हणतोय. दुकानात एकावर 15 बार लिहिलंय, दुसऱ्यावर 20 बार. 20 वालं चांगलं असणार ना? घरात आम्ही दोघंच, सकाळी दोन कप लागतात. – एक काका, विजापूर रोड

काका, त्या बारच्या (म्हणजे दाबाच्या मापाच्या) मागं लागू नका. एस्प्रेसोला कॉफीवर साधारण 9 बार दाब पुरतो, 15 आणि 20 हा पंपाचा जास्तीत जास्त जोर, खोक्यावर छापायला बरा दिसतो एवढंच. खरा खेळ दळणाचा आहे. 18 ग्रॅम पावडर घातली तर 25 ते 30 सेकंदात साधारण 36 ग्रॅम कॉफी कपात उतरली पाहिजे. दहा सेकंदातच भसाभसा आली तर दळण जाड आहे, आंबट पाणचट लागणार, आणि मिनिटभर नुसती टिपूस टिपूस पडत राहिली तर फार बारीक, कडू जहर होणार. आता हे दळण मिक्सरमध्ये जमत नाही, कारण मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, फोडतं, त्यामुळे एकाच भांड्यात पीठही असतं आणि कण्याही, म्हणजे आंबट आणि कडू दोन्ही एकाच कपात. स्वस्तातल्या मशीनबरोबर बहुतेक वेळा दुहेरी तळाची जाळी येते, तिला खाली सुईएवढं एकच भोक असतं, तिच्यातून काहीही घातलं तरी वर फेस येतो. तो फेस बघून खूश होऊ नका, क्रीमा, म्हणजे खऱ्या एस्प्रेसोवरचा दाट तपकिरी थर, वेगळी.

तेव्हा मुलाला सांगा, आधी हातानं फिरवायचा चांगला बर ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये दाणे एकसारखे दळणारा) आण, चिकमंगळूर किंवा कूर्गच्या दाण्यांचं पाकीट आण आणि पाकिटावर भाजल्याची तारीख बघ, एक्सपायरी नव्हे. मशीन पुढच्या दिवाळीला. तोपर्यंत दोघांना मोका पॉट मस्त पुरतोय.

मोका पॉटमधली कॉफी जळकट लागते, आणि मध्येच बाजूनं वाफ फुसफुसते. पॉट खराब निघाला का? – जुळे सोलापूर

पॉट बहुतेक ठीक आहे, गॅस मोठा आहे. तळात थंड पाणी भरून ठेवलं की पाणी तापेपर्यंत वरची पावडर नुसतीच भाजत बसते, म्हणून आधीच गरम केलेलं पाणी भरा (फडक्यानं धरा, हात भाजेल), पितळी बटणासारखा जो व्हॉल्व्ह असतो त्याच्या खालपर्यंतच. पावडर सपाट करा पण दाबू नका. काठावर सांडलेले कण बोटानं पुसून घ्या, त्या कणांमुळेच रबरी रिंग नीट बसत नाही आणि वाफ बाहेर पडते. पुसूनही फुसफुसत असेल तर रिंग बदला. मग लहान आच, आणि झाकण उघडं ठेवून बघत उभं राहायचं. आधी काळपट, मधासारखी घट्ट धार येते, मग ती तपकिरी होते, मग पिवळट होऊन गुडगुडायला लागते. पिवळट झाली की लगेच उतरवायचं आणि बूड नळाखाली धरायचं. तो शेवटचा गुडगुडाट पण कपात घेतला की जळकट लागणारच.

ही खरी एस्प्रेसो नाही असं कुणी नाक मुरडून सांगितलं तर ते बरोबरच आहे, 1933 मधल्या या इटालियन भांड्यात दाब कसाबसा दीड-दोन बार असतो. पण गंमत अशी की 1901 मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरानं एस्प्रेसो मशीनचं पेटंट घेतलं तेव्हा तेही वाफेवरच चालायचं आणि दाब साधारण एवढाच. 8-9 बार आणि वरची ती क्रीमा गाजिया नावाच्या इटालियन माणसाच्या लिव्हर मशीनबरोबर (दांडा ओढून चालवायच्या) आली, 1948 च्या सुमाराला. म्हणजे पहिली पन्नासएक वर्षं इटलीवाले जे पीत होते त्याच्या तुम्ही बऱ्यापैकी जवळ आहात, बिनधास्त प्या. आणि हो, ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, हा प्रश्न तिघांनी विचारलाय.

मशीन घेऊन वर्ष झालं नाही तर आवाज करायला लागलं, कॉफी बारीक धारेनं येते. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचंच वापरतो. – हद्दवाढ भाग

उत्तर तुम्हीच दिलंय की. बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच आत बसलाय. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवा, अर्धं पाणी मशीनमधून सोडा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग दोन-तीन टाक्या साध्या पाण्याच्या. आधी मशीनची पुस्तिका वाचून घ्या, काही कंपन्यांचं स्वतःचं औषध असतं आणि दुसरं काही घातलं तर वॉरंटी जाते. पुढं बोअरचं पाणी बंदच करा. अगदी कोरडं आरओ पण नको, क्षार अजिबात नसले तर कॉफी फिक्की लागते, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 75 ते 150 च्या आसपास चांगला. आरओमध्ये थोडं नळाचं मिसळा, जमतंय.

मुलींना हेझलनट लाटे, कॅरॅमल असलं काय काय पाहिजे असतं. मॉलमधली सिरपची बाटली महाग पडते. फ्लेवरची कॉफी पावडर घ्यावी का? आणि गूळ घातला की दूध फाटतं, ते का? – होटगी रोड

फ्लेवरची पावडर नका घेऊ. दाणे भाजून झाल्यावर वरून सुवासिक तेल चोळलेलं असतं, ग्राइंडरला एकदा तो वास लागला की पुढच्या साध्या कॉफीलाही हेझलनट येतं. सिरप घरी करा. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, साखर विरघळली की गॅस बंद, तार वगैरे काढायची नाही, आपल्याला गुलाबजाम करायचे नाहीत. त्यात दालचिनीचे दोन तुकडे टाकून झाकून ठेवा, गार झालं की गाळा. व्हॅनिला इसेन्स घालायचा तर गार झाल्यावरच, गरमात वास उडून जातो. फ्रीजमध्ये पंधरा दिवस टिकतं, कपाला दोन छोटे चमचे पुरे. कॅरॅमलसाठी साखर कोरडीच कढईत तांबूस होईपर्यंत वितळवा आणि गरम पाणी लांबून, हळूहळू घाला, फार उडतं, मुलींना जवळ उभं करू नका.

आता हेझलनट. सोलापुरात राहून हेझलनटसाठी जीव टाकायचा म्हणजे कमालच. शेंगदाणे चांगले खरपूस भाजा, साल काढून भरड कुटा, गरम सिरपमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी पातळ कापडातून गाळा. भाजताना पायराझिन नावाची जी वासाची द्रव्यं तयार होतात ती कॉफीतही असतात, हेझलनटमध्येही आणि शेंगदाण्यातही, म्हणून ही जोडी जमते. वर तेलाचा तवंग आला तर चमच्यानं काढून टाका. लसूण-तिखट तेवढं घालू नका म्हणजे झालं.

गुळाचं म्हणाल तर गुळात थोडा आंबटपणा असतो, कॉफीत पण असतो, त्यात उकळतं दूध म्हणजे फाटणारच. गूळ आधी कॉफीत विरघळवा आणि दूध पिण्याइतकंच गरम घाला. तरीही एखादा गूळ दगा देतोच, तो काळ्या कॉफीत संपवा.

रतिबाचं म्हशीचं दूध आहे, फेस टिकत नाही. – अक्कलकोट

फेस धरतं ते प्रथिन, स्निग्धांश जास्त असला की फेस जड होऊन बसतो. साय पूर्ण काढा, दूध फ्रीजमधलं गार घ्या, 60-65 अंशांपर्यंतच तापवा म्हणजे भांड्याला हात लावून जेमतेम सेकंदभर धरवेल एवढं, आणि फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दांडा असलेलं कॉफीचं काचेचं भांडं) ओतून दांडा भराभर वरखाली करा. उकळलं की चव जाते. बाकी म्हशीच्या दुधाची लाटे गाईच्या दुधापेक्षा भारी लागते, हे माझं मत, भांडायचं तर भांडा.

आमच्याकडं सासूबाईंचा पितळी कॉफी फिल्टर आहे. त्यातली चालेल का? – अशोक चौक

पळेल! आपल्याकडं तेलुगू आणि कन्नड घरांत हे भांडं पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि आपण मॉलमध्ये मशीन शोधतोय. फक्त पावडर कुठली ते बघा, पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के ते छापलेलं असतं, काहींत जवळजवळ निम्मी असते. दालचिनी किंवा कॅरॅमल सिरप घालायचं तर चिकोरी नसलेली घ्या, नाहीतर चिकोरीचाच कडवटपणा वर येतो. पहिलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला घट्ट अर्क, तेवढं वापरा, दुसरं पाणी ओतून काढलेलं सिरपखाली दबून जातं.

मे महिन्यात गरम कॉफी घशाखाली उतरत नाही. काहीतरी सांगा. – सात रस्ता

जाड दळलेली 100 ग्रॅम कॉफी, 800 मिली गार पाणी, फ्रीजमध्ये रात्रभर, सकाळी गाळा, झालं कोल्ड ब्रू. ग्लासभर बर्फावर ओता, हवं तर लिंबू पिळा आणि ते दालचिनीचं सिरप. पाहुणे आले तर व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरम मोका ओतून पुढं ठेवा, इटलीत त्याला अफोगातो म्हणतात, आणि लगेच खायला लावा, त्रेचाळीस अंशात ते गप्पा मारेपर्यंत थांबत नाही.

दिवसाला किती कप चालतात? सून गरोदर आहे. – बार्शी

धडधाकट माणसाला दिवसाला 400 मिलीग्रॅम कॅफिनपर्यंत चालतं असं धरतात, गरोदरपणात 200. एस्प्रेसोच्या एका छोट्या शॉटमध्ये साठेक मिलीग्रॅम असतं, पण पावडरीत रोबस्टा (कॉफीची एक कडक जात) जास्त असेल तर जवळपास दुप्पट, आणि कोल्ड ब्रूच्या मोठ्या ग्लासात किती उतरलंय ते घरी बसून मोजता येत नाही. शिवाय चहा त्यातच धरायचा. सूनबाईंना सकाळचा एक छोटा कप, तोही डॉक्टरांना विचारून, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर कॉफी नको, लोह अंगी लागत नाही.