बॅटमॅन कधीच कुणाचा जीव घेत नाही, हे खरं आहे का?

नाही, सुरुवातीचा बॅटमॅन जीव घ्यायचा. न मारण्याचा नियम नंतर आला. १९३९च्या पहिल्याच कॉमिक कथेत त्याच्या ठोशाने खलनायक ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि ‘अशांचा शेवट असाच व्हायला हवा’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो मोकळा होतो. १९४०च्या ‘बॅटमॅन’ अंक १मध्ये तर तो विमानातून ट्रकवर मशीनगन चालवतो. त्यावरून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक आणि हत्या दोन्ही बंद करायला लावलं. म्हणजे ‘मूळ बॅटमॅन मारायचा’ म्हणणारे चुकीचे नाहीत, पण ते जेमतेम पहिल्या वर्षाबद्दल बोलतात. पुढची कित्येक दशकं हा नियमच त्याची ओळख आहे, आणि मला तोच खरा बॅटमॅन वाटतो: आईवडील डोळ्यांदेखत गोळीला बळी पडलेला मुलगा बंदूक नाकारतो, यातच त्याचं सगळं बळ आहे. त्याचा कट्टर शत्रू जोकर याला पुन्हा पुन्हा जिवंत पकडून देण्यातला ताणही त्यामुळेच टिकतो.

हे कॉमिक्सपुरतं. सिनेमांचं गणित वेगळं आहे. १९८९च्या चित्रपटातला बॅटमॅन सरळ माणसं मारतो, त्यामुळे तिथला दाखला इथे चालत नाही.