वाचकांचे प्रश्न : ज्यूंचा मसीहा आणि ख्रिश्चनांचा मसीहा, जुळतं कुठे?

प्रश्न : ज्यू लोक येशूला मसीहा मानत नाहीत आणि ख्रिश्चन मानतात, एवढंच मला माहीत होतं. पण माझा मित्र म्हणतो की मूळ कल्पना दोघांची सेमच आहे, उगाच भांडतात. खरं काय?

उत्तर : मूळ एकच आहे हे मित्राचं बरोबर, पण 'उगाच भांडतात' नाही म्हणता येणार. मुळापासूनच सांगतो. मसीहा म्हणजे 'अभिषिक्त', देवाने निवडलेला. जुन्या करारात (बायबलचा पहिला भाग, जो ज्यूही मानतात) नाथान संदेष्टा दावीद राजाला सांगतो की तुझं सिंहासन कायमचं टिकेल. पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने जेरुसलेम पाडलं, मंदिर जाळलं, राजा कैदेत गेला, मग त्या वचनाचं काय? देव तर खोटं बोलणार नाही, म्हणजे दावीदाच्या वंशात कुणीतरी अजून यायचाय, ही आशा तिथून जोर धरत गेली. यशया संदेष्ट्याचं एक वचन आहे, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल (इशाय म्हणजे दावीदाचे वडील), ते ज्यू पण याच अर्थाने वाचतात आणि ख्रिश्चन पण. ज्यूंच्या रोजच्या अमिदा प्रार्थनेत दावीदाचा अंकुर लवकर फुलू दे अशी विनंती असते, आणि नवा करार (बायबलचा फक्त ख्रिश्चनांचा भाग) उघडला तर त्यातल्या मत्तयच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य 'दावीदाचा पुत्र, अब्राहामाचा पुत्र' म्हणून येशूची वंशावळ सांगतं. वंशावळ कोण देतो? ज्याला ज्यू वाचकाला पटवायचंय तो.

पण माझ्या मते खरी कॉमन गोष्ट वंशापेक्षा कामाची यादी आहे. तलवारींचे नांगर होतील, लांडगा कोकराजवळ राहील, विखुरलेले लोक परत एकत्र येतील, मेलेले उठतील, सगळी राष्ट्रं एका देवाला मानतील. ज्यू म्हणतात बघा जगाकडे, यातलं काय झालंय? म्हणून मसीहा अजून आलेला नाही. आता ख्रिश्चनांनी यावर 'झालंय सगळं' असं म्हटलं असतं तर विषय संपला असता, पण ते तसं म्हणतच नाहीत. त्यांचा निकेय विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, जो चर्चमधे आजही म्हटला जातो, त्यात स्पष्ट आहे की तो गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करेल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल. म्हणजे काम बाकी आहे हे दोघांना मान्य, वाट दोघंही बघतायत, वाद आहे तो येणारा आधी एकदा येऊन गेलाय का यावर.

आणि तो वाद छोटा नाही हां. ज्यूंच्या दृष्टीने मसीहा हा माणूस, राजा, देव नव्हे. बाराव्या शतकात मैमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने तर लिहून ठेवलं की त्याने चमत्कार दाखवायची पण गरज नाही, मंदिर पुन्हा बांधलं आणि विखुरलेल्यांना गोळा केलं तर तो मसीहा, आणि मधेच मारला गेला तर तो मसीहा नव्हे. ख्रिश्चनांसाठी तो देवाचा पुत्र, आणि त्याचं मरणं हाच मुख्य मुद्दा, पापांची क्षमा त्यातून. हे कितीही सौम्य शब्दात मांडलं तरी एक होणार नाही.

प्रश्न : मग दुःख भोगून मरणारा मसीहा ही आयडिया पूर्णपणे ख्रिश्चनांचीच ना?

उत्तर : पूर्णपणे असं नाही म्हणता येत. ताल्मूदमधे (ज्यू रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) योसेफाच्या वंशातल्या एका मसीहाचा उल्लेख आहे जो मारला जातो, आणि जुन्या करारातल्या जखऱ्याच्या पुस्तकातला शोक त्याच्याशी जोडलाय. अजून एक गोष्ट आहे जी मला फार आवडते, मसीहा रोमच्या वेशीपाशी रोग्यांमधे बसलाय, बाकीचे सगळ्या जखमा एकदम सोडून परत बांधतात, तो एकेकच सोडतो, का तर बोलावणं आलं तर उशीर नको. तो कधी येणार? आजच, तुम्ही देवाचं ऐकलंत तर! पण ताल्मूद येशूनंतर काही शतकांनी संकलित झालंय, त्यामुळे यावरून येशूच्या काळात सगळे ज्यू असंच मानत होते अशी उडी मारू नका. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक ख्रिश्चनांना येशू वाटतो, राशीसारख्या ज्यू भाष्यकाराला तो म्हणजे इस्राएल लोक. त्या काळात एकच ठरलेलं मत नव्हतंच मुळी. मृत समुद्राजवळ कुमरानला १९४७ पासून जी हस्तलिखितं सापडली त्यात तर दोन अभिषिक्त येणार असं आहे, एक याजक (पुरोहित) एक राजा. नव्या करारातलं इब्री लोकांना लिहिलेलं पत्र येशूला याजक आणि राजा दोन्ही ठरवतं, म्हणजे अपेक्षा ओळखीच्या होत्या, जुळणी नवी होती.

प्रश्न : एवढं जुळतंय तर शतकानुशतकं कुणी बसून बोललं का नाही?

उत्तर : बोलले की, पण कसं ते बघा. १२६३ मधे बार्सिलोनाला आरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर जाहीर वाद झाला, विषय हाच, मसीहा आला की यायचाय. एका बाजूला ज्यू धर्म सोडून ख्रिश्चन झालेला पाब्लो ख्रिस्तियानी, दुसऱ्या बाजूला रब्बी नाखमानिदेस, ज्यांना राजाच्या हुकुमाने यावं लागलं. ते म्हणाले येशूपासून आजपर्यंत जग हिंसेने आणि लुटीने भरलेलंय, मग शांतीचा राजा आला कसा? पुढे त्यांना देश सोडावा लागला. असल्या दरबारात कॉमन ग्राउंड शोधणार कोण! सूर बदलला तो फार उशिरा, १९६५ मधे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही असं जाहीर केलं, आणि २००१ मधे पोपच्या बायबल आयोगाच्या दस्तऐवजात ज्यूंचं वाट बघणं व्यर्थ नाही असं आलं. उलट बाजूने मैमोनिडीसनेही म्हटलंय की ख्रिश्चन आणि इस्लाम या धर्मांनी मसीहाचा विषय जगभर पोचवून त्याच्यासाठी रस्ताच तयार केला. हा भाग छापील प्रतींमधून सेन्सॉरने बरीच वर्षं उडवलेला होता, कारण त्याच परिच्छेदात येशूबद्दल कडक टीका पण आहे.

प्रश्न : कधी येणार याची तारीख आहे का कुठे?

उत्तर : नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो तो दिवस पित्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि ताल्मूद तर हिशोब मांडणाऱ्यांना शाप देतं. तरी दोघांनी मांडलेच. येशू परत येण्याचा हिशोब मांडणाऱ्या विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी अमेरिकेत २२ ऑक्टोबर १८४४ ला रात्रभर वाट बघितली. ज्यूंमधे स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या सब्बताई झ्वीच्या मागे हजारो लोक लागले आणि १६६६ मधे तो ऑटोमन सुलतानासमोर मुसलमान झाला.

प्रश्न : एलीया संदेष्टा आधी येणार हे दोन्हीकडे आहे का?

उत्तर : आहे, जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी आहे. ज्यू वल्हांडण या सणाच्या रात्री एलीयासाठी द्राक्षारसाचा प्याला ठेवतात, ख्रिश्चन म्हणतात बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलीया. गंमत क्रमाची आहे, ख्रिश्चन जुना करार मलाखीवर संपवतात म्हणजे पान उलटलं की थोड्याच वेळात योहान येतो, पण ज्यूंच्या बायबलमधे शेवटचं पुस्तक इतिहासाचं आहे आणि ते संपतं पर्शियाच्या कोरेश राजाच्या फर्मानावर, ज्याला जायचंय त्याने जेरुसलेमला जावं. आणि या परक्या राजालाही यशयाने देवाचा अभिषिक्त म्हटलेलं आहे.