युद्धानंतर शेकोटीभोवती बसून आपबीती सांगितल्याने गाव खरंच सावरतं का?
पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशापुरतं सांगतो. तिथलं यादवी युद्ध १९९१ ते २००२ चाललं. विशेष न्यायालयाने मोजक्या म्होरक्यांवर खटले चालवले. घर जाळणारा शेजारी मात्र गावातच राहिला. मग २००८पासून जॉन कॉकर यांच्या ‘फाम्बुल टोक’ संस्थेने गावोगाव रात्रीच्या शेकोट्या पेटवल्या. ज्याच्यावर बेतलं तो सगळ्यांदेखत उभा राहून घडलेलं सांगतो. करणारा पुढे येतो, कबुली देतो, वाकून माफी मागतो. मग पूर्वजांना नैवेद्य. काही गावांनी पुढे सामायिक शेतीही धरली.

सावरतं, पण फुकटात नाही. २०१६च्या एका अभ्यासात क्षमाभाव आणि परस्परांवरचा विश्वास वाढलेला दिसला, पण जुन्या जखमा उकरल्याने नैराश्य आणि धास्तीही वाढली. चारचौघांत माफ करायचं दडपण येत असेल, ते वेगळंच.